दगडात अडकलेलं तेल आणि साबणाचं पाणी

जमिनीखाली तेल असतं म्हणजे नेमकं कसं असतं? बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर एक भलंमोठं तळं येतं. आत पाईप सोडायचा की तेल वर! प्रत्यक्षात तळंबिळं काही नसतं. स्पंजात पाणी असावं तसं तेल दगडाच्या बारीक छिद्रांत असतं, फक्त हा स्पंज पिळता येत नाही. त्यामुळे जगभरातला ढोबळ अनुभव असा की साधारण एक तृतीयांश तेलच बाहेर येतं. बाकीचं कुठे आहे हे माहीत असूनही तिथेच पडून राहतं.

आपल्या बीड जिल्ह्याखाली काळा बेसाल्ट आहे. त्यात विहिरीला पाणी लागलं तरी नशीब म्हणायचं, तेलाची बातच सोडा. पण महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात 'मुंबई हाय' आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने तिथे तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. मार्च १९८५ मध्ये तिथून दिवसाला सुमारे ४ लाख ७१ हजार बॅरल तेल निघत होतं. एप्रिल २०२४ मध्ये हा आकडा सुमारे १ लाख ३४ हजारांवर आला होता. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो, म्हणून हा उरलेल्या तेलाचा प्रश्न नुसता पुस्तकी नाही.

सुरुवातीला तेल स्वतःच्या दाबाने वर येतं. दाब उतरला की काही विहिरींतून पाणी आत सोडून तेल पुढे ढकलतात. मुंबई हायमध्ये १९८४ पासून समुद्राचंच पाणी गाळून, त्यातला ऑक्सिजन काढून आत सोडतात. इथेच घोटाळा सुरू होतो. ज्यांनी रात्री उसाला दारं धरली आहेत त्यांना हे लगेच कळेल. वाफ्यात एखादं उंदराचं बीळ असलं की सगळं पाणी त्यातूनच पळतं आणि बाकीचा वाफा कोरडा राहतो. खडकातही तसंच. जिथे भेगा आणि मोठी छिद्रं, तिथून पाणी सरळ उत्पादन विहिरीत पोचतं आणि बाजूचं तेल जागच्या जागी राहतं.

शेतकरी काय करतो? बिळात चिखल कोंबतो. जेल म्हणजे तोच चिखल! पॉलिॲक्रिलअमाइड नावाचं पॉलिमर आणि क्रोमियमचा क्षार पाण्यात मिसळून विहिरीत सोडतात. जाताना ते पातळ असतं, त्यामुळे मोठ्या वाटांनीच जास्त शिरतं. काही तासांनी, कधी काही दिवसांनी, पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि मेसमधल्या जेलीसारखा गोळा होतो. (आपल्या मेसची जेली मात्र बऱ्याचदा आधीच्या अवस्थेतच असते.) मग मागून येणारं पाणी नाइलाजाने दुसऱ्या वाटेने जातं आणि तिथलं तेल हलतं.

हीच साखळी न बांधता नुसती पाण्यात विरघळवली तर पाणी घट्ट होतं आणि तेलाला एकसारखं रेटतं. गुजरातमध्ये साणंदला ओएनजीसीने हा प्रयोग १९८५ मध्ये सुरू केला, आणि राजस्थानातल्या मंगला क्षेत्रात तर तो फार मोठ्या प्रमाणावर झाला.

तरीही छिद्रांत अडकलेले थेंब राहतातच. तेल आणि पाण्याच्या सीमेवरचा ताण त्यांना धरून ठेवतो. कापसावर फवारताना पंपात 'स्टिकर' टाकतात ना? त्याने थेंब पानावरून घरंगळत नाही, पसरतो. तो एक सर्फॅक्टंटच. खडकातला थेंब सोडवायला मात्र हा ताण हजारपट किंवा त्याहूनही कमी करावा लागतो. ताटाचा तेलकटपणा काढणाऱ्या साबणाला हे जमणारं नाही, त्यासाठी खास रसायनं बनवावी लागतात.

मग मुंबई हायमध्ये हे का ओतत नाहीत? कारण साणंद आणि मंगला वालुकाश्माचे, तर मुंबई हाय चुनखडीचं. होस्टेलच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीत पांढरा साका तरंगतो, तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा प्रताप. समुद्राच्या पाण्यात तर हे दोन्ही भरपूर. शिवाय नेहमीच्या सर्फॅक्टंटवर ऋण भार असतो आणि चुनखडीवर बऱ्याचदा धन, म्हणजे महागडं रसायन तेलापर्यंत पोचायच्या आधीच दगडाला चिकटतं. त्यात खाली तापमान शंभर अंशांच्या पुढे. तिथे साधं पॉलिमर टिकत नाही, आणि क्रोमियमचं जेल फार लवकर घट्ट होतं, म्हणून फिनॉल-फॉर्माल्डिहाइड जातीचे जोडणारे पदार्थ वापरावे लागतात.

माझं मत विचाराल तर तिथे आधी जेल, मग साबण. जेलला एका विहिरीपुरता माल लागतो आणि बीळ सापडलं की काम होतं. सर्फॅक्टंट अख्ख्या खडकातून फिरवायचं तर टनावारी लागणार, आणि प्लॅटफॉर्मवर टाक्या ठेवायला जागा ती किती! प्रत्येक पिंप बोटीने न्यायचं. २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायचं उत्पादन वाढवायला बीपी कंपनीला तांत्रिक मदतीसाठी नेमलं. त्यांनाही सुरुवात पाणी नेमकं कुठून पळतंय हे शोधण्यापासूनच करावी लागेल, असं मला वाटतं.