चिरंजिवांचे ग्राफिक्स कार्ड

'नुसते' हा मराठीतला मोठा फसवा शब्द आहे. 'नुसता रंग काढायचा' म्हणून घराला हात लावावा, तर भिंतीतली ओल बाहेर पडते. म्हणूनच बारावीची परीक्षा संपताच आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, संगणकाचे नुसते ग्राफिक्स कार्ड बदलायचे. खेळ फार अडखळतात," तेव्हा मी सावध झालो. पैसा एकाच पेटीतला होता आणि पुढच्या प्रवेशाची फी त्यातूनच जायची होती.

हे कार्ड करते तरी काय? साध्या पडद्यावरही वीस लाखांवर ठिपके असतात. खेळ सुरळीत दिसायचा, तर ते सारे सेकंदाला साठदा नव्याने रंगवावे लागतात. प्रोसेसर हा घरच्या कर्त्यासारखा, दहा व्यवधाने सांभाळणारा. कार्डावरची चिप म्हणजे लग्नघरी पुऱ्या लाटायला बसलेली आळीतली मंडळी. काम एकच, हात पुष्कळ.

पण या मंडळींना शिधाही भरपूर लागतो. मदरबोर्डाच्या ज्या खाचेत कार्ड बसते, ती फार तर ७५ वॅट वीज देते. मोठ्या कार्डाची भूक त्याहून पुष्कळ अधिक. ती भागवायला एसएमपीएसमधून वेगळी केबल आणावी लागते. सहा पिनांची ७५ वॅटची, आठ पिनांची १५० वॅटची.

आम्हा कर्जत-खालापूरकरांना ही गोष्ट सांगावी लागू नये. खोपोलीचे टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मोठाल्या नळांतून खाली येते, तेव्हा कुठे वीज मुंबईला जाते. वर तलाव, मध्ये नळ, खाली जनित्र, पुढे तारा. सारे एकमेकांच्या तोलाचे असावे लागते. संगणकाच्या पेटीतही न्याय तोच.

म्हणून आम्ही आधी परीक्षा घेतली. पंख्यांवरची धूळ झाडली. मग खेळाचे रिझोल्यूशन उतरवून पाहिले. तसे करताच चित्रे धावू लागली, तर उणीव कार्डाची. तरीही अडखळली, तर प्रोसेसरच दमलेला समजावा. आमच्याकडे चित्रे धावली. चिरंजिवांची बाजू खरी ठरली!

त्यांना जुने, पण दांडगे कार्ड स्वस्तात मिळत होते. मी नको म्हटले. २०२१ च्या सुमारास आभासी चलन 'खणण्यासाठी' असंख्य कार्डे रात्रंदिवस राबली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती रीत सोडली आणि दमलेली कार्डे बाजारात उतरली. वरून सारी सारखीच चकचकीत!

अखेर कर्जत लोकलने दादर, तिथून ग्रँट रोड, असे बापलेक लॅमिंग्टन रोडला पोचलो. एका आठ पिनी केबलीवर भागणारे, मधल्या प्रतीचे नवे कार्ड घेतले. एसएमपीएस तोच राहिला, फीही शाबूत राहिली.

तेव्हा वाचकहो, दिवाळीत असा हट्ट आपल्या घरी झाला, तर एकदम 'नाही' म्हणू नका. प्लग काढून पेटी उघडा. कार्डाला जागा किती, ते फीत लावून मोजा. एसएमपीएसवरचा वॅटचा आकडा आणि मोकळ्या केबली टिपून घ्या. पडदा सेकंदाला किती चित्रे दाखवतो, तेही पाहा. साठ दाखवणाऱ्या पडद्याला शंभर काढणारे कार्ड काय कामाचे? हा हिशेब मुलाकडूनच कागदावर मांडून घ्या आणि मगच दुकानाची पायरी चढा.