उभ्या लसूणघासातील तण

लसूणघास एकदा पेरला की तीन ते चार वर्षे त्याच रानात उभा राहतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरणी होते, पहिली कापणी पन्नास-साठ दिवसांनी येते आणि पुढे साधारण पंचवीस ते तीस दिवसांनी विळा फिरतो. धाराशिव जिल्ह्यात भूम, परंडा, कळंब या भागांत दूध आणि खव्याचा धंदा आहे, तर उस्मानाबादी शेळीचे मूळच याच परिसरातले. इथे विहिरीच्या पाण्यावरचा घासाचा वाफा म्हणजे दावणीचा भरवसा. घासाच्या कोरड्या वजनात जवळपास एक पंचमांश प्रथिने असतात.   हा भरवसा टिकवायचा तर घासातले तण मात्र आवरावे लागते.

पेरणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत खुरपणीला पर्याय नसतो. घासाचे रोप सुरुवातीला मुळे खाली सोडण्यात गुंतलेले असते, वर मात्र हळू वाढते, त्यामुळे चंदनबटवा आणि माठ त्याला सहज झाकून टाकतात. ओळीत पेरलेल्या घासात दोन ओळींमधून खुरपे चालते, फोकून पेरलेल्यात चालत नाही. मजुरीचा हिशेब केला तर ओळीच्या पेरणीचा एवढा एकच फायदा पुरेसा आहे.

घास जमल्यावर परिस्थिती उलटते. दर महिन्याला होणारी कापणी हेच मग मुख्य तणनियंत्रण ठरते. चंदनबटवा, माठ, गाजरगवत ही वर्षायू तणे बियांवर जगतात. फुलावर येण्याआधीच त्यांचा शेंडा वारंवार छाटला गेला की बी धरायला त्यांना सवड मिळत नाही. घासाची वाढ मात्र जमिनीलगतच्या गड्ड्यातून पुन्हा फुटते आणि मुळात साठवलेल्या अन्नावर तो दोन-तीन आठवड्यांत रान झाकतो. त्यासाठी तो जमिनीपासून चार-पाच बोटे वर कापावा लागतो. दहापैकी एखाद्या फांदीला फूल दिसू लागले की कापणीची वेळ झाली. त्याआधीच दर वेळी कोवळा घास ओरबाडला तर मुळातला साठा संपतो, गड्डे मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागी तण शिरते. जनावरे थेट वाफ्यात सोडल्यानेही हेच होते, शिवाय ओल्या घासाने पोटफुगीचा धोका असतो तो वेगळा.

विरळ जागा बहुधा पावसाळ्यात पडतात. घासाला थंड, कोरडे हवामान मानवते. काळ्या रानात चार दिवस पाणी साचले की मुळे कुजतात, आणि नेमकी तेव्हाच केना, घोळ, शिपी यांना उभारी येते. म्हणून ज्येष्ठ-आषाढात चर काढून पाण्याला वाट करून देणे हेही तणनियंत्रणच आहे. हरळी आणि लव्हाळा यांच्यापुढे मात्र विळा दुबळा पडतो. हरळी कांड्यांवर आणि लव्हाळा जमिनीखालच्या गाठींवर जगतो, कापल्याने दोघांचे काही बिघडत नाही. ही दोन तणे ज्या रानात आहेत तिथे घास लावूच नये. उन्हाळ्यात खोल नांगरट करून, कांड्या आणि गाठी वेचून, उन्हात तापवल्यानंतरच ते रान घासासाठी घ्यावे.

तणनाशकांना उभ्या घासात वाव थोडा आहे. ज्वारी-मक्यातल्या रुंद पानांच्या तणांवर वापरले जाणारे २,४-डी घासालाच मारते, कारण घासही रुंद पानांचाच. फक्त गवतवर्गीय तणे मारणारी औषधे घासाला सोसतात, पण फवारणी आणि चारा कापणी यांत किती दिवस गेले पाहिजेत हा प्रश्न उरतो. महिन्याला कापले जाणारे आणि दुसऱ्याच दिवशी दुभत्या जनावरापुढे पडणारे हे पीक आहे. डब्यावरच्या लेबलवर घासाचे नाव आणि प्रतीक्षाकाळ नसेल तर ते औषध वापरू नये. गाजरगवताची गोष्टही दुधाशी जोडलेली आहे. पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम दिसलेले हे तण चाऱ्यातून पोटात गेले तर दुधाला कडवटपणा येतो. ते हातमोजे घालून, फुलाआधी मुळासकट उपटावे.

या सगळ्यांहून वेगळी आहे अमरवेल. तिला पाने नाहीत, हिरवेपणा जवळजवळ नाही. पिवळ्या-नारिंगी दोऱ्यांचा गुंता घासावर पडलेला दिसतो तेव्हा तिने घासाच्या देठात शोषकमुळे रोवलेली असतात. बी जमिनीतून उगवते, पण कोंबाला काही दिवसांतच आधार सापडला नाही तर तो वाळून जातो. अमेरिकेतील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की अमरवेलीचा कोंब टोमॅटोच्या रोपाच्या वासाकडे वळतो. एकदा घासाला विळखा बसला की जमिनीशी तिचा संबंध सुटतो.

ती येते बियाण्यातून. तिचे बी घासाच्या बियांपेक्षा थोडे बारीक आणि खरखरीत असते, पण मुठीत घेतलेल्या बियाण्यात ते ओळखू येत नाही. म्हणूनच बीजप्रमाणीकरणाच्या नियमांत घासासाठी अमरवेल हे आक्षेपार्ह तण ठरवले आहे. बाजारातले सुटे, स्वस्त बी घेण्यापेक्षा प्रमाणित बी घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि नेमका तोच सर्वांत जास्त टाळला जातो. दुसरी वाट जनावरांच्या पोटातून जाते. हे कठीण कवचाचे बी पचत नाही. बी धरलेली अमरवेल शेळ्या-मेंढ्यांनी खाल्ली की लेंड्यांतून ती पुढच्या रानात पोहोचते. मेंढ्या बसवण्याआधी त्या कुठे चरून आल्या हे विचारणे म्हणूनच शहाणपणाचे.

वेल दिसताच, फुलोऱ्याआधी, तिच्या गुंत्यापासून दोन-तीन हात बाहेरपर्यंतचा सगळा घास जमिनीलगत कापावा. इथे चार बोटांचा नियम मोडायचा, कारण उरलेल्या खुंटात शोषकमुळे असली तर वेल पुन्हा फुटते. कापलेले ओढत बांधावर नेऊ नये, तुकडा पडेल तिथे नवा विळखा सुरू होतो. ते जागीच वाळवून जाळावे. बी पडून गेले असेल तर ते जमिनीत दहा वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहू शकते. मग तो वाफा मोडून ज्वारी, मका, बाजरी अशी तृणधान्ये घ्यावी लागतात, कारण त्यांच्यावर अमरवेल जगत नाही. हरभरा, तूर किंवा कांदा मात्र मध्ये घेऊ नये, तिथे तिला आधार मिळतो. तसेही जुना घास मोडून लगेच त्याच रानात नवा घास पेरला तर उगवण नीट होत नाही, कारण जुन्या घासाने मातीत सोडलेली द्रव्ये नव्या रोपांना बाधतात. अमरवेल नसली तरी शाळूचा एखादा हंगाम मध्ये घ्यावाच लागतो.