वार्धक्य आणि विस्मृती : मेंदूच्या एका रोगाचा शोध

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. साठी उलटली की बुद्धी नाहीशी होऊ लागते, असा तिचा आशय. घरातील एखादी वृद्ध व्यक्ती नुकतेच जेवण करूनही ‘मला अजून कोणी वाढले नाही’ असे म्हणू लागली, नेहमीच्या वाटेवर चुकू लागली, किंवा स्वतःच्या नातवंडाला ओळखेनाशी झाली, तर ‘वय झाले, चालायचेच’ असे म्हणून घरचे लोक स्वतःचे समाधान करून घेतात. कोणी त्याला म्हातारचळ म्हणतात. या समजुतीत एक मोठा दोष आहे. तिच्यामुळे रोग हा रोग म्हणून ओळखलाच जात नाही. आणि जो ओळखला जात नाही त्यावर उपाय करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

भारतात हा प्रश्न आता थोड्या कुटुंबांपुरता राहिलेला नाही. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक भरली. देवी, पटकी, हिवताप यांच्या तावडीतून सुटलेला माणूस आता अशा वयापर्यंत पोहोचू लागला आहे, की जेथे मेंदूच्या रोगांशी त्याची गाठ पडते.

वार्धक्य आणि रोग यांतील भेद

वयाबरोबर शरीरात काही बदल होतातच. केस पांढरे होतात, दृष्टी मंदावते, आणि मेंदूचे कामही काहीसे संथ होते. ओळखीच्या माणसाचे नाव चटकन न आठवणे व थोड्या वेळाने ते आठवणे, चष्मा कोठे ठेवला हे विसरणे, नवी गोष्ट शिकण्यास अधिक वेळ लागणे, हे सारे निरोगी वार्धक्यातही आढळते. परंतु चष्मा हा कशासाठी असतो हेच न आठवणे, पैशाचा हिशेब अजिबात न जुळणे, दिवस आहे की रात्र याचे भान सुटणे, हे केवळ वयाचे लक्षण नव्हे. स्मृती, विचारशक्ती व व्यवहारज्ञान यांचा असा ऱ्हास होऊन दैनंदिन जीवनक्रमात अडथळा येऊ लागला, म्हणजे त्या अवस्थेस स्मृतिभ्रंश असे म्हणतात.

स्मृतिभ्रंश अनेक कारणांनी होतो. मेंदूतील रक्तवाहिन्या बिघडल्याने तो होतो, तसाच मज्जापेशींच्या क्षयानेही होतो. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, अवटू ग्रंथीचे मंदावलेले कार्य, मनाची खिन्नता किंवा डोक्याला मार लागून झालेला रक्तस्राव यांमुळेही तशीच लक्षणे दिसू शकतात. आणि यांपैकी बहुतेकांवर उपचार करता येतात. म्हणूनच वैद्यकीय तपासणी न करता ‘वय झाले’ असा निकाल देणे हे त्या व्यक्तीवर अन्याय करणारे ठरते.

स्मृतिभ्रंशाचे सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा रोग. १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात एक ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिची स्मृती झपाट्याने नष्ट होत होती. आलोइस अल्झायमर या वैद्याने तिच्या अवस्थेची बारकाईने नोंद ठेवली. १९०६ मध्ये ती मरण पावल्यावर त्याने तिच्या मेंदूचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मज्जापेशींच्या मधल्या जागेत एका विचित्र पदार्थाचे ठिपके साचलेले होते, आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते झालेले होते. हे ठिपके ॲमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे व गुंते टाउ नावाच्या प्रथिनाचे असतात, हे पुढे निश्चित झाले. हे बदल लक्षणे दिसण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे सुरू झालेले असतात, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय.

बल्लभगढची पाहणी

दिल्लीच्या दक्षिणेस, आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या हरियाणा राज्यात, बल्लभगढ हा ग्रामीण भाग आहे. तेथे भारतीय व अमेरिकन संशोधकांनी मिळून स्मृतिभ्रंशाची मोठी पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. पंचावन्न वर्षे व त्यावरील वयाच्या ५,१२६ व्यक्तींची तीत तपासणी करण्यात आली.

पहिली अडचण परीक्षेचीच होती. पाश्चात्त्य देशांतील स्मृतिपरीक्षेत आजची तारीख विचारतात, लिहिलेली सूचना वाचून त्याप्रमाणे करावयास सांगतात, एखादे वाक्य लिहून घेतात. ज्याने आयुष्यात कधी पाटी हाती धरली नाही, अशा शेतकऱ्याला ही परीक्षा दिली तर त्याची बुद्धी शाबूत असूनही तो नापास होईल. म्हणून निरक्षर व्यक्तींना चालेल अशी हिंदी परीक्षा तयार करण्यात आली. लेखी सूचनेऐवजी ‘मी करतो तसे करा’ असे सांगून कृती करून दाखविली जाई. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयास सांगितले जाई. मोजमापाचे साधन ज्या समाजात वापरावयाचे, त्या समाजाला ते अनुरूप असले पाहिजे, हा धडा या पाहणीने घालून दिला.

पासष्ट वर्षांवरील व्यक्तींत अल्झायमरच्या रोगाचे प्रमाण १.०७ टक्के, म्हणजे जगात तोवर नोंदलेल्या अगदी कमी प्रमाणांपैकी एक, असे आढळून आले. या रोगाचा धोका वाढविणारे एक आनुवंशिक लक्षण या गावांत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका भागाच्या तुलनेने कमी लोकांत होते, हेही दिसले. परंतु ज्या घरात आजोबांवर व्यवहाराचा कोणताच भार नसतो, तेथे त्यांची विस्मृती कोणाच्या लक्षातच येत नाही, ही शक्यताही संशोधकांना विचारात घ्यावी लागली.

पुढे साऱ्या देशातील साठ वर्षांवरील ४,०९६ व्यक्तींच्या विस्तृत चाचण्यांवर आधारलेला एक अभ्यास झाला व त्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत, ग्रामीण भागात व शिक्षणापासून वंचित राहिलेल्यांत हे प्रमाण अधिक आहे. या दोन अभ्यासांत वयोगट, प्रदेश, रोगाची व्याख्या व पद्धती भिन्न असल्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. तथापि हा रोग भारतात विरळ आहे, असे मात्र आता म्हणता येणार नाही.

मानेसर येथील प्रयोगशाळा

रोग किती जणांस आहे हे पाहणीने समजते; तो मेंदूत काय करतो हे समजण्यास प्रयोगशाळा हवी. गुरुग्राम जिल्ह्यात, दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत मानेसर येथे, अरवलीच्या पायथ्याशी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र वसले आहे. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या आश्रयाने १९९९ मध्ये त्याची स्थापना झाली आणि २००३ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ या त्याच्या संस्थापक संचालक होत.

या केंद्रातील डॉ. प्रभात मंडल व त्यांचे सहकारी यांनी ग्लुटाथायोन या पदार्थाकडे विशेष लक्ष दिले. त्याचे महत्त्व समजण्यासाठी मेंदूचा एक विशेष ध्यानी घेतला पाहिजे. शरीराच्या वजनाच्या केवळ दोन टक्के भरणारा हा अवयव शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू वापरतो. जेथे अग्नी मोठा तेथे ठिणग्याही फार. प्राणवायूच्या वापरातून काही अतिक्रियाशील रेणू निर्माण होतात व ते पेशींतील प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांची नासधूस करतात. लोखंडाला गंज चढावा तसाच काहीसा हा प्रकार. ग्लुटाथायोन हा तीन ॲमिनो आम्लांचा बनलेला लहानसा रेणू या उपद्रवी रेणूंना निष्प्रभ करतो. तो मेंदूचा एक प्रमुख रक्षक आहे.

जिवंत माणसाच्या मेंदूतील हा पदार्थ शस्त्र न लावता कसा मोजावा? त्यासाठी चुंबकीय अनुस्पंदनाचा उपयोग होतो. व्यक्तीला प्रबळ चुंबकाच्या पोकळीत निजवून तिच्या मेंदूच्या ठराविक भागावर रेडिओलहरी सोडतात. त्या भागातील हायड्रोजनचे अणुकेंद्र त्या लहरींना प्रतिसाद देतात. हायड्रोजन कोणत्या पदार्थाच्या रेणूत आहे त्यावर प्रतिसादाची कंप्रता किंचित बदलते. त्यामुळे आवाजावरून माणूस ओळखावा तसा पदार्थ ओळखता येतो. मात्र ग्लुटाथायोनचा प्रतिसाद दुसऱ्या मुबलक पदार्थांच्या प्रतिसादात दडून जातो. ढोलताशांच्या गजरात बासरी ऐकू यावी, तर इतर वाद्यांचा नाद युक्तीने वजा करावा लागतो. तशीच विशेष पद्धत येथे योजावी लागते.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तीन गटांची तुलना होती : निरोगी वृद्ध, सौम्य स्मृतिदौर्बल्य असलेले, व अल्झायमरचा रोग जडलेले. स्मृतीशी निकटचा संबंध असलेल्या, समुद्रघोड्याच्या आकाराच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, तसेच मेंदूच्या अग्रभागी, निरोगी व्यक्तींपेक्षा रुग्णांत ग्लुटाथायोन कमी असल्याचे आढळले. सौम्य दौर्बल्याच्या अवस्थेतही घट दिसत असल्याने, रोग बळावण्यापूर्वी तो ओळखण्याचे हे एक साधन ठरेल, अशी आशा निर्माण झाली.

आशा आणि पुरावा

येथे विज्ञानाची शिस्त कामी येते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण आहे असे सिद्ध होत नाही. ग्लुटाथायोन घटल्यामुळे पेशी मरतात, की रोगाशी झुंजताना ते खर्ची पडते, की दोन्ही गोष्टी तिसऱ्याच कारणाने घडतात, हे केवळ मोजमापाने ठरत नाही. शिवाय ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात, २०१४ मध्ये, सौम्य स्मृतिदौर्बल्य असलेल्यांच्या मेंदूच्या वेगळ्या भागांत ग्लुटाथायोन उलट वाढलेले आढळले होते. आरंभी मेंदू आपला बचाव वाढवीत असावा, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. असे परस्परविरोधी निष्कर्ष ही विज्ञानातील आपत्ती नव्हे. अधिक रुग्ण, अनेक प्रयोगशाळा व दीर्घकाळाची पाहणी यांची आवश्यकता ते दाखवून देतात.

याच केंद्रातील दुसरे उदाहरणही बोधप्रद आहे. डॉ. रवींद्रनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमरसारखा रोग निर्माण केलेल्या उंदरांना महिनाभर अश्वगंधेच्या मुळांचा अर्क दिला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात उंदरांची हरवलेली स्मृती सुधारल्याचे व मेंदूतील ॲमिलॉइड घटल्याचे दिसून आले. नवल असे की, अर्काचा परिणाम मेंदूवर नव्हे तर यकृतावर होत होता. यकृतातील एक विशिष्ट प्रथिन वाढल्यामुळे ॲमिलॉइड मेंदूतून रक्तात ओढले जात होते.

हे वाचून अश्वगंधा किंवा ग्लुटाथायोन यांच्या पुड्या विकत आणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु उंदरांत गुणकारी ठरलेली अनेक औषधे माणसांत निष्फळ ठरली आहेत. औषधाची खरी कसोटी माणसांवरील नियंत्रित चाचणीत लागते. तीत काही रुग्णांना औषध व काहींना तसेच दिसणारा निरुपद्रवी पदार्थ देतात, आणि कोणाला काय मिळाले हे तपासणाऱ्या वैद्यालाही ठाऊक नसते. ॲमिलॉइड दूर करणाऱ्या लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली ती अशाच चाचणीनंतर. तेही रोग बरा करीत नाही. आरंभीच्या अवस्थेत त्याची गती थोडी कमी करते, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने रुग्णावर सतत लक्ष ठेवावे लागते.

हाती असलेले उपाय

संशोधन पूर्ण होईपर्यंत हात बांधून बसण्याचे मात्र कारण नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये असा निष्कर्ष काढला की, बदलता येण्याजोगे चौदा धोके दूर झाल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येईल. बालपणी शिक्षण न मिळणे, प्रौढ वयातील रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, मद्यपान, व्यायामाचा अभाव, डोक्याला होणारी इजा, ऐकू कमी येणे, दृष्टी मंदावूनही उपचार न करणे, एकाकीपणा व प्रदूषित हवा यांचा त्यांत समावेश होतो. दिल्लीच्या परिसरातील रहिवाशांना यांपैकी अखेरच्या धोक्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

या यादीकडे पाहिल्यास दिसून येईल की, वार्धक्यातील मेंदूचे रक्षण वार्धक्यात सुरू होत नाही. मुलगी शाळेत जाते तेव्हा, चाळिशीतला माणूस आपला रक्तदाब तपासून घेतो तेव्हा, आणि ऐकू न येणाऱ्या आजीला घरचे लोक श्रवणयंत्र आणून देतात तेव्हा ते घडत असते.

ज्यांना हा रोग जडला आहे त्यांच्या बाबतीत पहिली पायरी म्हणजे वैद्यकीय तपासणी. दुरुस्त होण्याजोगे कारण असेल तर ते सापडते. नसेल तर लक्षणे काही काळ सौम्य ठेवणारी औषधे देता येतात, आणि पुढील काळाची तयारी करण्यास कुटुंबाला अवधी मिळतो. पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारणारी आई हट्टीपणा करीत नसून तिच्या मेंदूत उत्तर साठतच नाही, हे एकदा कळले म्हणजे घरातील माणसांचा संताप ओसरतो व तिच्या वाट्याला येणारे बोल थांबतात. रोग बरा करणारे औषध सापडण्यास अद्याप अवकाश आहे. परंतु हे ज्ञान आजच उपलब्ध आहे आणि ते घराघरांत पोहोचण्यास कोणत्याही प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही.