चाकावरचं लोखंड

गाडी धुतली, काचा पुसल्या, आतली धूळ झटकली आणि शेवटी चाकांकडे नजर गेली, की ती काळीच असतात. पाणी मारलं तरी काळी. फडकं फिरवलं तर फडकं काळं होतं आणि चाक फार तर राखाडी. अलॉयची चकचकीत चाकं हौसेनं बसवून घेतलेल्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. ‘ठाण्याची धूळच तशी’ असं म्हणून आपण मोकळे होतो. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचं काम वर्षानुवर्षं पाहिलेल्या माणसाला ते पटतंही. पण मग एक प्रश्न उरतो. रस्त्याची धूळ चारही चाकांवर सारखी बसायला हवी. पुढची दोन चाकं मागच्यांपेक्षा जास्त काळी का?

याचं उत्तर घरच्या घरी मिळतं. जरा जोरकस लोहचुंबक घ्या, कागदात गुंडाळा आणि पुढच्या चाकावरच्या सुक्या भुकटीला लावा. कागदावर बारीक काळे केस उभे राहतात. माझे अब्बा वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करत. लेथखालचा चुरा चुंबकानं गोळा करताना असेच केस उभे राहिलेले मी लहानपणी पाहिले आहेत. तेव्हा ही भुकटी रस्त्याची नव्हे. त्यात लोखंड आहे, आणि ते आपल्याच गाडीचं आहे.

मी कवितेच्या वाटेनं गेलेला बी.ए. माणूस, यंत्राचं जे समजलं ते गॅरेजच्या बाकड्यावर बसून. तिथं समजलं ते असं. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते, तिला आपण डिस्क म्हणतो. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी ब्रेक पॅड तिला चिमटीत धरतात. पॅडमध्ये राळेसारख्या चिकट द्रव्यानं बांधलेलं मिश्रण असतं: धातूचे तंतू, ग्रॅफाइट, खनिजांची पूड. पूर्वी त्यात ॲस्बेस्टॉसही सर्रास असे. दर दाबाला डिस्क थोडी झिजते, पॅड थोडा झिजतो, आणि ती झीज बाहेर उडून शेजारच्या चाकावर बसते.

ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो. बसमध्ये उभं राहून प्रवास केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढची चाकं करतात आणि जास्त झिजतात. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. ड्रम म्हणजे बंद डबा, झीज बरीचशी आतच राहते. जुन्या पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरच्या चाकांबद्दल ही तक्रार फारशी ऐकू येत नसे, त्याचं एक कारण हेच. आणि चाकं साध्या पोलादाची, तेव्हा ती काळी झाली म्हणून झोप कोणाची उडणार?

या कामात उष्णता किती निघते, त्याचा एक हिशेब मला फार आवडतो. हजार किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगात असताना ब्रेक मारून पूर्ण थांबवली, तर त्या एका थांबण्यातल्या उष्णतेनं सुमारे अर्धा लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे माजिवड्याच्या सिग्नलला प्रत्येक गाडी चार-पाच कटिंगचं आधण ठेवून उभी असते! कसारा घाटाचा उतार ३०० मीटर धरला आणि तो नुसत्या ब्रेकवर उतरलो, तर हेच पाणी दहा लिटर होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते उगीच नाही. त्यात ब्रेक वाचतात आणि चाकंही स्वच्छ राहतात.

या उष्णतेमुळेच सफाई अवघड होते. गरम कण चाकावर आदळतात आणि त्यातले काही वरच्या पारदर्शक थरात रुततात. इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. अलॉयचं चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, पण आपल्याला दिसतो तो बहुधा धातू नसतो. त्यावर रंग आणि रंगावर लॅकरचा पातळ थर असतो. रुतलेल्या कणांना ओल लागली की ते गंजतात, फुगतात आणि लॅकरला भोक पाडतात. भोकातून पाणी आत शिरलं की ॲल्युमिनियमला पांढरट बुरशीसारखे डाग पडतात, रंगाचे पोपडे सुटतात. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर खाडीची खारी हवा. जूनमध्ये चाकांवर राहिलेली काळी भुकटी सप्टेंबरपर्यंत नारिंगी ठिपके होऊन बसते.

मग दसरा येतो. गाड्यांना झेंडूच्या माळा घालायच्या असतात आणि चाकं चमकायला हवी असतात. तेव्हा घराघरांतली पितळ घासण्याची युक्ती बाहेर येते. चिंच, लिंबू, पितांबरी ही तांब्या-पितळेसाठी उत्तम. पितांबरी तर आपल्या ठाण्याचीच. पण तिथं आपण धातूवरचा मळ काढत असतो, इथं घासलं जाईल ते लॅकर. तारेची घासणी तर हातातही धरू नये.

याहून वाईट म्हणजे ॲसिड. आमच्या इमारतीत पहाटे पाचपासून गाड्या धुणारा एक मुलगा आहे. आठ वाजेपर्यंत वीस-पंचवीस गाड्या, एक बादली, एक फडकं. एका गाडीमालकानं त्याला कोल्ड्रिंकच्या बाटलीत पिवळट पाणी आणून दिलं, ‘याने चाकं लख्ख होतात’ म्हणून. ते फरशी धुण्याचं ॲसिड होतं. चाक आधी लख्ख झालं आणि मग कायमचं दुधाळ पडलं. मालकानं आरडाओरडा केला तो चाकासाठी. मुलाच्या बोटांची कातडी निघाली होती, तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही. चाकाला नवा रंग देता येतो, एवढंच मी म्हटलं.

तयार मिळणाऱ्या काही चाकसफाई द्रवांतही तीव्र आम्लं असतात. बाटलीवर हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा ॲमोनियम बायफ्लोराइड हे शब्द दिसले तर ती बाटली घरी आणू नका. हे आम्ल लागताना पुष्कळदा फारसं झोंबत नाही. ते कातडीतून आत शिरतं आणि दुखणं काही तासांनी सुरू होतं. लागलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं आणि बाटलीचं नाव टिपून थेट डॉक्टरांकडे जायचं. कॉस्टिकसारखी तीव्र क्षारंही नकोत, ॲल्युमिनियमला तीही खातात.

वापरायचं ते साधं आहे. चाक पूर्ण गार होऊ द्या, गाडी सावलीत घ्या. पहिल्यांदा भरपूर पाणी, कारण सुकं फडकं फिरवणं म्हणजे लॅकरवर लोखंडाची पूड चोळणं. सुकी भुकटी ब्रशनं झटकू नका, हवेच्या पंपानं उडवू नका. ती इतकी बारीक असते की थेट छातीत जाते. मग गाडीचा शाम्पू, मऊ ब्रश, आणि नटांच्या खाचांसाठी जुना टूथब्रश. एक चाक पूर्ण करून मगच दुसरं. चाकांची बादली आणि फडकं वेगळं ठेवा. तेच फडकं बॉनेटवर फिरलं की उन्हात जे गोल गोल ओरखडे दिसतात, ते याच लोखंडाचे.

शाम्पूनं न निघणारे ठिपके राहिले तर लोखंड विरघळवणारा, आम्ल नसलेला द्रव मिळतो. रेडिओवरून दाखवता आलं असतं तर दाखवलं असतं: फवारला की दोन-तीन मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ येतात. हा रंग द्रवातल्या थायोग्लायकोलेटची लोखंडाशी गाठ पडल्याचा. केस कुरळे करायच्या औषधात हेच रसायन असतं, म्हणून सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो चाकावर सुकू देऊ नये, आणि रबरी हातमोजे घालावेत. गाडी धुणाऱ्याला द्रव देत असाल तर हातमोजेही द्या. शेवटी चाक कोरडं करून मेणाचा हात फिरवला तर पुढच्या खेपेला निम्मं काम पाण्यानंच होतं.

धुताना चाकांकडे नीट पाहावं. पुढच्या दोनपैकी एकच चाक फार काळं होत असेल तर त्या बाजूचा ब्रेक चिकटत असण्याची शक्यता आहे. एखादं एकाएकी स्वच्छ राहू लागलं तर खूश होऊ नका, तो ब्रेक कदाचित लागतच नसेल. भुकटी कोरडी न राहता तेलकट लागली तर ब्रेक ऑइल गळतंय का ते त्याच दिवशी गॅरेजमध्ये दाखवा.

हे काळं पाणी गटारात जातं आणि गटार खाडीत. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत आहे, फ्लेमिंगो तिथल्याच चिखलात चोच घालतात. कॅलिफोर्नियानं पॅडमधलं तांबं पाण्यातल्या जिवांना घातक म्हणून २०१० मध्ये कायदा करून ते टप्प्याटप्प्यानं कमी करायला लावलं. युरोपनं २०२४ च्या नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या धुळीला मर्यादा घातली: पेट्रोल-डिझेल गाडीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, विजेच्या गाडीला ३. विजेची गाडी वेग कमी करताना मोटारीनंच ओढ धरते, पॅड कमी वापरते, म्हणून तिला कडक नियम. आपल्या हाती तूर्तास एवढंच, की आम्लाची बाटली गटारात रिकामी करायची नाही.

आणि धुऊन झाल्यावर गाडी लगेच हमरस्त्यावर काढू नका. डिस्क ओल्या असतात, पहिला ब्रेक उशिरा लागतो. सोसायटीच्या आवारातच सावकाश चालवत दोन-तीनदा ब्रेक दाबा. रात्रभर उभी राहिली तर सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसेल आणि करकर ऐकू येईल. तीही तेवढ्याच दाबांत जाते.