उभ्या पंगतीचा वाढपी

स्पेनमधल्या सेव्हिलच्या हेरोना रस्त्यावर ‘एल रिंकोनसियो’ नावाचा बार आहे. नावाचा अर्थ छोटासा कोपरा. 1670 सालापासून तो चालू आहे. शिवरायांच्या राज्याभिषेकाला तेव्हा अजून चार वर्षं होती. छताला डुकराच्या खारवलेल्या तंगड्या टांगलेल्या, भिंतींवर रंगीत फरशा, बाटल्यांनी भरलेली उंच कपाटं, आणि या सगळ्यापुढे हातांनी घासून गुळगुळीत झालेलं लाकडी काउंटर. त्या लाकडावर खडूने आकडे लिहिलेले पाहिले तेव्हा मला वाटलं, कुणा पोराने गिरगटून ठेवलंय. तो आमच्या शेजारी उभ्या असलेल्यांचा हिशेब होता.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आम्ही चौघं: अकरा वर्षांपूर्वी नागपूरहून इथे आलेली माझी मैत्रीण, तिचा सेव्हिलचाच नवरा, त्यांची शेजारीण आणि मी. मी सवयीने टेबल शोधू लागले. “अगं, बसायचं नाही,” मैत्रीण म्हणाली. “कोपर टेकण्यापुरती जागा मिळाली की झालं.”

काउंटरपलीकडे पांढऱ्या शर्टातला पन्नाशीचा कामारेरो उभा होता. कामारेरो म्हणजे वेटर. त्याने विचारलं, “के लेस पोंगो?” शब्दशः, तुम्हाला काय ठेवू? मैत्रिणीने मराठीत सांगितलं, “विचारतोय, काय वाढू?” तिच्या तोंडून तो शब्द आला आणि हा माणूस मला एकदम ओळखीचा झाला. हा वाढपी. पुढचा दीड तास मी खाण्याइतकंच त्याच्या हातांकडे पाहत होते.

‘तापा’ म्हणजे झाकण. पेल्यात माशी किंवा धूळ पडू नये म्हणून वर पावाचा नाहीतर मांसाचा तुकडा ठेवत, अशी कथा अंदालुसियात, म्हणजे या दक्षिण स्पेनमध्ये, जो तो सांगतो, आणि सांगणाऱ्यागणिक तिच्यातला राजा बदलतो. आता त्या झाकणाची ताटली झाली आहे. ग्रानादा शहरात ती आजही पेयाबरोबर फुकट येते. सेव्हिलमध्ये मागवावी लागते, पैसेही द्यावे लागतात, पण निवड आपली. बहुतेक बारमध्ये एकाच पदार्थाचे दोन-तीन भाव लिहिलेले असतात: तापा, मेदिया रासिओन आणि रासिओन. चवीपुरतं, अर्धी ताटली आणि पुरी ताटली. चौघांत एक तापा म्हणजे दोन-दोन घाससुद्धा होत नाहीत, म्हणून मैत्रिणीने पालक-छोल्यांची अर्धी ताटली सांगितली आणि कॉडची भजी. एवढंच सांगून ती थांबली.

मी यादी वाचतच होते. आणखी चार-पाच नावं सांगून टाकावीत असं मला वाटत होतं. ती म्हणाली, “दोनच. हे संपलं की तो विचारेल.” इथे मला मुंबईतलं एक रेस्टॉरंट आठवलं. तिथे तापास म्हणून आम्ही आठ पदार्थ मागवले होते आणि आठही एकदम आले. टेबलावर जागा उरली नाही, क्रोकेता निवून गेल्या, आणि प्रत्येकाने आपल्या समोरचं संपवायला घेतलं. पदार्थ वाईट नव्हते. वाढप चुकलं होतं. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा, मसालेभात, जिलबी एकाच वेळी पानात ओतली तर जे होईल, तेच.

इथे वाढप्याने आत वळून ऑर्डर पुकारली आणि जोडीला म्हणाला, “मार्चांदो!” निघालंच! मग खडू उचलून आमच्यासमोरच्या लाकडावर दोन आकडे एकाखाली एक लिहिले. त्याच वेळी तो डावीकडे बिअरचे छोटे पेले भरत होता आणि उजवीकडे कुणाला सुटे पैसे परत करत होता. कागद नाही, पेन नाही. कोण कुठे उभं आहे आणि कुणाच्या ताटल्या रिकाम्या झाल्या, हे त्याला मान वर न करता कळत होतं.

पालक-छोले आले. लसूण, जिरं आणि लाल मिरचीची पूड. दाटपणासाठी तळलेला पाव कुटून घातलेला. वर व्हिनेगरचा आंबटपणा. मुळात हा ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला, मांस वर्ज्य असतानाचा पदार्थ. जिऱ्याचा वास आला आणि मला आठवलं की 712 ते 1248 अशी पाचशेहून अधिक वर्षं हे शहर मुस्लिम राजवटीत होतं. त्या काळाचं पुष्कळसं इथल्या स्वयंपाकघरात टिकून आहे.

ताटली मधोमध ठेवलेली, चौघांच्या हातांत चार काटे. माझा हात क्षणभर अडखळला. आमच्या घरी आजीसमोर कुणाच्या पानात हात घातला असता तर तिने जेवण टाकलं असतं. उष्टं हा शब्द माझ्या हाडात मुरलेला आहे. पण पाहता पाहता लक्षात आलं की इथेही एक शिस्त आहे. जो तो आपल्या बाजूचं घेतो, पलीकडे काटा नेत नाही, एकदा घेतलेला घास परत ठेवत नाही. आणि शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. कॉडच्या भज्यांतलं एक उरलं तेव्हा शेजारीण हसून म्हणाली, “ला दे ला वेरग्वेन्सा.” लाजेचा तुकडा. स्पेनभर त्याला हेच नाव आहे. आपल्याकडे बशीत उरलेल्या शेवटच्या भज्याकडे सगळे पाहतात आणि “घे ना, घे ना” करतात, त्याला नाव मात्र आपण दिलेलं नाही. शेवटी ते भजं पाहुणी म्हणून मला मिळालं.

ताटली रिकामी झाल्याबरोबर वाढपी समोर. या वेळी हामोन, म्हणजे छताला टांगलेल्या तंगडीचं मांस, मागवलं. काउंटरच्या टोकाला दुसरा माणूस फक्त ते कापण्याचं काम करत होता. स्टँडमध्ये अडकवलेली तंगडी, हातात लांब, अरुंद, लवचीक सुरी. ही तंगडी काळ्या जातीच्या डुकराची. अशा डुकरांना शरद ऋतूपासून ओकच्या झाडांखाली चरायला सोडतात. ती झाडावरून गळलेली बोंडं खाऊन लठ्ठ होतात. मग तंगडी साधारण किलोमागे एक दिवस मिठात पुरतात आणि पुढे तीन-तीन वर्षं टांगून वाळवतात. 2014 च्या नियमाप्रमाणे शुद्ध जातीच्या आणि बोंडांवर वाढलेल्या डुकराच्या तंगडीला काळी पट्टी लावतात. छताच्या तंगड्यांना खालून छोटी वाटी टोचलेली दिसते, ती ठिबकणारी चरबी झेलण्यासाठी.

कापणारा घाई करत नव्हता. सुरी आडवी, दुसरा हात पात्याच्या मागे. एका घासाएवढा काप, आरपार दिसेल इतका पातळ. तो कापून लगेच ताटलीत पसरायचा, ढीग करायचा नाही, कारण काप एकमेकांना चिकटतात. खोलीच्या उबेनेच चरबी चमकू लागते. हे खायला काटा घेत नाहीत, बोटंच वापरतात. मीठ, गोडसर चरबी आणि अक्रोडासारखी चव. या माणसाच्या पातळ कापांमुळेच एवढं महाग मांस चौघांना चाखता येतं. जाड कापलं असतं तर ते एकट्याचं जेवण झालं असतं.

निघताना वाढप्याने खडूच्या आकड्यांची ओठ हलवत बेरीज केली, खाली रेघ मारली. 46 युरो 80 सेंट. पैसे दिल्यावर त्याने ओल्या फडक्याने लाकूड पुसलं आणि मागे थांबलेल्या दोघांना आमची जागा दिली. पैसे मैत्रिणीच्या नवऱ्याने ‘बोते’मधून दिले. आधी सर्वांनी सारखी वर्गणी काढून एकाच्या खिशात ठेवायची, त्याला बोते म्हणतात. मग कुणी किती घास घेतले हे मोजत बसावं लागत नाही.

दुसरा बार साधा होता. तिथे तळलेल्या वांग्यांवर उसाची काकवी घालून दिली. मालागा प्रांतातल्या फ्रिखिलियाना गावात ही काकवी अजून बनते. शाकाहारी मंडळींनी हा पदार्थ आणि पालक-छोले ही दोन नावं लक्षात ठेवावीत. मग व्हिनेगर-तेलात घोळवलेल्या गार बटाट्यांची ताटली आली. बटाट्याला अंदालुसियात ‘पापा’ म्हणतात, दक्षिण अमेरिकेच्या केचुआ भाषेतला शब्द; आपला ‘बटाटा’ आला पोर्तुगीजांकडून. अमेरिकेशी चालणाऱ्या स्पेनच्या व्यापाराची कचेरी 1503 मध्ये याच सेव्हिलमध्ये निघाली, आणि पुढची दोनशे वर्षं तो व्यापार इथूनच सांभाळला गेला.

सोबत मान्सानिया, सानलूकार गावची फिकी, कोरडी वाइन. पिंपात तिच्यावर यीस्टची साय धरते. खालच्या पिंपातून थोडी काढायची, तेवढीच वरच्यातून भरायची, पिंप कधी रिकामं करायचं नाही. मैत्रीण म्हणाली, “विरजणच की!”

बारा वाजत आले तेव्हा मी विचारलं, “ही शेवटची ना?” तिघांनी एकदम बोट हलवलं. इथे शेवटची असं म्हणत नाहीत, ‘पेनुल्तिमा’ म्हणतात. शेवटून दुसरी. मला नवल वाटलं नाही. आपणही उंबऱ्यावर ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो.

सेव्हिलला गेलात तर काउंटरशी उभे राहा आणि चौघांत दोनच पदार्थ सांगा. ताटली रिकामी होऊ द्या. वाढपी विचारायला येईल.