तालमीत नसलेली यंत्रणा
४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरूहून उडालेलं आरियान ५ रॉकेट सुमारे ४० सेकंदांत फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्राम आरियान ४ मधून उचललेला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, त्यामुळे ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावेना आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तोच प्रोग्राम, म्हणून तीही बंद पडली. (आणि ज्या हिशेबात ही संख्या आली, तो उड्डाणानंतर लागतच नव्हता!)

खापर प्रोग्रामरवर फोडणं सोपं आहे. पण चौकशी अहवाल वाचताना चाचणीची पद्धत जास्त खटकते: संपूर्ण उड्डाणाच्या तालमीत खऱ्या यंत्रणेच्या जागी तिची नक्कल होती, आणि खऱ्या यंत्रणेला नव्या मार्गाचे आकडे कधी दिलेच नव्हते. सगळंच तपासत बसलं तर रॉकेट उडणार कधी, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. म्हणूनच काय वगळलं आणि का, हे लिहून ते त्रयस्थाकडून तपासून घ्यायला हवं. ‘आधी चाललं होतं’ एवढ्यावर भागत नाही. इथे यंत्रणा फिरत्या टेबलावर ठेवून तिला नव्या उड्डाणाचे आकडे द्यायचे होते. ही चाचणी जमिनीवरच करता आली असती आणि तिच्यात दोष उघड झाला असता, असं चौकशी समितीने नोंदवलं आहे.