गेमचं कव्हर 'चालतं' म्हणजे नक्की काय?

'इंडी गेमच्या आकर्षक कव्हरचा विक्रीवर होणारा परिणाम.' सिनॉप्सिसमध्ये असं शीर्षक दिसलं की गाइड पहिला प्रश्न विचारणार: आकर्षक म्हणजे काय आणि परिणाम म्हणजे काय? दोन्हीची उत्तरं नसतील तर विषय कितीही ताजा असला तरी पुढे सरकत नाही. साताऱ्या-सांगलीकडून कॉम्प्युटर किंवा डिझाइन शिकून संशोधनाकडे वळणाऱ्या बऱ्याच जणांना गेममध्ये रस असतो, म्हणून आज हाच विषय उलगडून बघू. एकट्यानं किंवा चार-पाच जणांनी मिळून, मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय बनवलेला गेम म्हणजे इंडी गेम. त्याच्याकडे जाहिरातीला पैसे नसतात. स्टोअरमधलं एक चित्र आणि चार ओळी, एवढंच त्याचं दुकान.

आधी 'परिणाम' तोडून घ्या. माणूस स्टोअरवर यादी चाळतो, तेव्हा चित्र त्याच्या नजरेसमोरून जातं. त्यातले काही क्लिक करतात, क्लिक केलेल्यांपैकी काही गेम विशलिस्टमध्ये टाकतात किंवा घेतात. या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. यादीतल्या छोट्या चित्राचं काम फक्त क्लिकपर्यंत. पुढची जबाबदारी व्हिडिओ, स्क्रीनशॉट आणि वर्णनाची. चित्र फार छान पण गेमबद्दल चुकीची कल्पना देणारं असेल, तर क्लिक वाढतात आणि खरेदीचं प्रमाण घसरतं. म्हणजे 'कव्हर चाललं' हे एकाच चित्राबद्दल खरंही आणि खोटंही असू शकतं, तुम्ही कुठली पायरी मोजता त्यावर. ती पायरी शीर्षकातच लिहा.

आता चित्र. स्टीमवर यादीत दिसणारं छोटं चित्र वर्षानुवर्षं २३१ बाय ८७ पिक्सेलचं होतं. आता फाइल दुप्पट आकाराची मागतात, पण स्क्रीनवर ते अंगठ्याएवढंच दिसतं. एवढ्या जागेत नाव वाचता यायला हवं आणि गेम कुठल्या जातीचा आहे हेही कळायला हवं. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमनं या चित्रांवर पुरस्कार, रिव्ह्यूचे शब्द, सवलतीचे आकडे लिहायला बंदी केली. फक्त चित्र आणि गेमचं नाव चालतं. संशोधकासाठी ही बातमी चांगलीच म्हणायची, कारण 'चित्राचा परिणाम' आणि 'चित्रावर लिहिलेल्या पुरस्काराचा परिणाम' यांची सरमिसळ थोडी कमी झाली.

समजा, सांगलीतल्या दोघांनी हळदीच्या बाजारावर गेम बनवला. हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीखालचे खोल खड्डे, हा त्याचा गाभा. कव्हरवर हळदीचा मोठा ढीग काढला. मोठ्या स्क्रीनवर झकास दिसतो. अंगठ्याएवढा केला की ती वाळू वाटते, नाहीतर सोनं. पाहणाऱ्याला वाटतं हा खजिना शोधायचा गेम आहे. त्याऐवजी पेवाच्या तोंडाशी वाकलेला माणूस आणि खाली काळोख, एवढंच काढलं तर निदान 'खाली काहीतरी आहे' हे कळतं.

वर्णनाचंही तसंच. 'परंपरा आणि संघर्षाच्या अद्भुत दुनियेत पाऊल ठेवा' ही ओळ कुठल्याही गेमला चिकटते, म्हणून ती काहीच सांगत नाही. 'पेवात हळद साठवा, भाव चढायची वाट बघा, कृष्णेचं पाणी वाढायच्या आत पोती बाहेर काढा.' इथे खेळणाऱ्यानं काय करायचं आणि काय गमावू शकतो, दोन्ही आलं. संशोधनात हा फरक मोजता येतो: वर्णनात खेळाडूनं करायच्या कृतीची क्रियापदं किती, आणि कुठेही चालतील अशी विशेषणं किती. दोन जणांना स्वतंत्रपणे मोजायला लावा आणि त्यांचं किती जुळतं ते बघा. 'आकर्षक' या शब्दापेक्षा हे कितीतरी पक्कं आहे.

अनोळखी वस्तू चित्रानं आणि शब्दांनी विकायची अडचण आपल्या भागाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणला, तेव्हा लोखंडानं जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. अशा गिऱ्हाइकाला 'उत्कृष्ट, मजबूत' सांगून उपयोग नाही, त्याच्या मनातल्या शंकेलाच हात घालावा लागतो. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं, आणि त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. जुन्या जाहिरातींचं आणि आजच्या स्टोअर पेजचं शब्दपातळीवर विश्लेषण करायचं असेल, तर हा चांगला विषय आहे. आणि तो आपल्या दारातला आहे.

आता पुण्याचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' घ्या, नॉडिंग हेड्स गेम्सचा. पहाडी लघुचित्रांची छाप, छायाबाहुल्यांसारखे कथाप्रसंग, भावाला शोधायला निघालेली मुलगी. २०२० मध्ये तो आधी निन्टेंडो स्विचवर आणि मग इतरत्र आला, नावाजलाही गेला. 'भारतीय शैलीच्या चित्रांमुळे चालला' असं लगेच म्हणावंसं वाटतं. पण याच गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न झाला होता, आणि ठरलेली रक्कम जमली नव्हती. चित्रांचा बाज तेव्हाही हाच होता. मधल्या काळात गेम पूर्ण झाला, आणि निन्टेंडोच्या कार्यक्रमातून तो एकदम जगासमोर आला. एकच बाज दोन्ही वेळी असताना निकाल वेगळे लागले, तर सगळं श्रेय चित्राला कसं देणार? आणि गाजलेल्या गेमची कव्हरं गोळा करून त्यांतलं साम्य शोधणं ही तर नेहमीची गफलत. तीच शैली वापरून पडलेले गेम तुमच्या नमुन्यात आलेच नाहीत ना!

मग प्रयोग करू म्हणाल. गूगल प्लेवर तशी सोय आहे: येणाऱ्यांपैकी काहींना एक चित्र, काहींना दुसरं, वाटणी आपोआप. स्टीमवर तसं होत नाही. तिथे चित्र बदलून आधीचे आणि नंतरचे आकडे बघावे लागतात, आणि त्याच आठवड्यात सेल लागला किंवा एखाद्या यूट्यूबरनं गेम खेळला तर काय कशामुळे झालं ते कळत नाही.

आकडेमोडही आधीच करा. पेजवर येणाऱ्यांपैकी २० टक्के लोक गेम उतरवून घेतात आणि नव्या चित्रानं ते २२ टक्के होतील असं तुम्हाला वाटतंय. नेहमीचे निकष धरले, म्हणजे ५ टक्के सार्थकता पातळी आणि ८० टक्के पॉवर, तर प्रत्येक गटात सुमारे ६,५०० माणसं लागतात. दोन्ही मिळून १३,०००. रोज ४० जण येत असतील तर ३२५ दिवस! तोवर गेमवाला थांबणार नाही, आणि फेलोशिपसुद्धा. फरक २० वरून ३० टक्क्यांचा असेल तर गटाला सुमारे २९० जण पुरतात, म्हणजे दोन आठवड्यांचं काम. छोट्या गेमवर फक्त मोठे फरक तपासता येतात, हे मर्यादांमध्ये न लिहिता पद्धतीच्या प्रकरणातच लिहा. आणि रोज सकाळी आकडे बघून, एक चित्र पुढे दिसलं की प्रयोग थांबवायचा, असं करू नका. तसं केलं की ५ टक्क्यांची चूक ५ टक्क्यांवर राहत नाही.

माणसं कमी असतील तर मी दुसरा मार्ग सुचवेन. पंधरा-वीस जणांना चित्र पाच सेकंद दाखवा, झाका, आणि विचारा: 'यात काय करायचं असेल?' 'आवडलं का?' असं विचारू नका, आपल्याकडे लोक भिडेखातर हो म्हणतात. उत्तरं शब्दशः लिहून घ्या. यातून विक्रीबद्दल काहीही सिद्ध होत नाही, फक्त चित्र काय सांगतं ते कळतं. पण 'वाळूचा गेम आहे का?' असं वीसांपैकी बारा जण म्हणाले, तर कव्हर बदलायला तेवढं पुरेसं आहे. फक्त हे वीस जण वर्गातले मित्र नकोत, त्यांनी गेम आधीच पाहिलेला असतो.